रिन्स्केचं 'बघू'

देव्हेंटर या डच गावातल्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना पहिली अंघोळ रिन्स्केने घातली आहे. बाळंतिणीच्या घरी आठवडाभर जायचं, बाळ-बाळंतिणीचं बघायचं आणि भेटायला येणाऱ्यांना लोणी लावलेल्या टोस्टवर साखरेची बडीशेप घालून द्यायची, हे तिचं काम. मुलगी झाली तर गुलाबी बडीशेप, मुलगा झाला तर निळी. मी तिची समोरची शेजारीण, त्यामुळे तिच्याबद्दल वाईट बोलायचा पहिला मान माझा. एक नंबरची कंजूष! कॉफीबरोबर एकच बिस्किट देते आणि डबा लगेच बंद करते. पण माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिने मला जसं जपलं, तसं माझ्या आईनेही जपलं नाही.

बाळ रडतंय, दूध ओढत नाही, अंगावर पुरळ आलंय, काहीही असो, रिन्स्केचं उत्तर ठरलेलं: "बघू." आणि बहुतेक वेळा बघता बघता सगळं ठीकही व्हायचं.

तिच्या स्वतःच्या मुलीला, आंकेला, बाळ झालं तेव्हा गुलाबी बडीशेप मीच दोनदा मागून खाल्ली. पुढे आंके कॅन्सरने गेली. बाप आधीपासूनच नव्हता. पोर आणि त्याचं पालकत्व, दोन्ही रिन्स्केच्या पदरात पडलं. पोराने सातव्या वर्षी स्वतःची वेणी कापली. रिन्स्के म्हणाली, "बघू." दहाव्या वर्षी ते आजीला म्हणालं, "ओमा, मी मुलगा आहे, मला योरिस म्हण." योरिस म्हणायला तिने लगेच सुरुवात केली. बाकीचं? "बघू."

मग योरिस वयात यायला लागला. नदीवर पोहणं बंद झालं. भर उन्हाळ्यात जाड कोट घालून, पाठीला पोक काढून शाळेत जायचा. घरात बोलणं संपलं. अशा मुलांसाठीच्या खास दवाखान्यात नंबर लागायलाच फार दिवस गेले, मग तपासण्या, मानसोपचारतज्ज्ञ, पुन्हा तपासण्या. शेवटी वयात येणं थोपवणारं औषध द्यायचं की नाही, एवढंच उरलं. योरिसचा होकार होता. अडलं होतं रिन्स्केच्या सहीपाशी.

"उद्या मोठा होऊन म्हणाला, ओमा, मी लहान होतो, तू तरी अडवायचं होतंस, तर?" ती मला म्हणाली.

"आणि म्हणाला, ओमा, तू का अडवलंस, तर?"

"म्हणजे शिव्या मलाच."

"दोन्हीकडून. अजून एक बिस्किट दे, मग सांगते." डबा उघडला नाही, यावरून ती किती घाबरली होती ते कळायला मार्ग नव्हता, एरवीही उघडला नसताच.

दवाखान्यात दोघांना मीच गाडीतून घेऊन गेले. रिन्स्के मला आतही ओढून घेऊन गेली. डॉक्टर टेर हार बाई सरळ बोलणाऱ्या. "औषध बंद केलं की शरीर पुन्हा आपल्या वाटेने जातं. पण हाडांवर लक्ष ठेवावं लागतं. आणि हे घेणारे बहुतेक जण पुढची औषधंही घेतात, तेव्हा मूल होण्या-न होण्याचा प्रश्न येतो. पन्नाशीत याला काय वाटेल, मला माहीत नाही."

"मग थोडं बघू," रिन्स्के म्हणाली.

"बघता येईल. पण थांबणं हाही निर्णयच आहे. त्याचं शरीर थांबणार नाही."

योरिसच्या कोटातून आवाज आला. "ओमा, सगळे बघू बघू म्हणतात. माझ्याकडे कुणीच बघत नाही."

रिन्स्केचा चेहरा पडला. मला तिची इतकी दया आली की मी खिडकीबाहेर पाहायला लागले. तिने खुर्ची वळवली आणि त्याच्याकडे पाहिलं, अनोळखी बाळाला पहिल्यांदा हातात घेताना पाहते तसं, सावकाश.

"घाबरलायस?"

"हो."

"मीपण. तरी हवंय?"

"हो. आणि नको वाटलं तर सांगेन. पण तू तेव्हा बघू म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार," रिन्स्के म्हणाली, आणि डॉक्टरांकडे पेन मागितलं.

घरी आल्यावर तिने चक्क कपाटातून नवा पुडा काढला. टोस्टवर लोणी, त्यावर निळी बडीशेप, हात आखडता न घेता. ताटली योरिससमोर ठेवताना तिचे डोळे भरून आले होते. माझेही भरले होते.

योरिसने ताटलीकडे पाहिलं, मग आजीकडे. "ओमा, मला बडीशेप आवडत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू विचारलंस कुठे?"

मी हसायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. रिन्स्केने ताटली माझ्याकडे सरकवली, खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली.

"बरं," ती म्हणाली. "आता सांग. काय आवडतं तुला?"