मरळ, खेकडा आणि दहावा फरक

लातूरला आमच्या गल्लीत एक भूकंप माशानं केला, आणि तो मासा सांभाळायचं काम माझ्याकडं होतं.

खऱ्या भूकंपाला वर्ष झालं होतं. तरी घरोघरी दाराशी पेल्यावर पितळेचा तांब्या उपडा ठेवलेला असायचा. तो पडला की पळायचं. मी जीवशास्त्रात कच्ची, आणि गल्लीतल्या सरांच्या डॉक्टरकीच्या बॅचची चाचणी दुसऱ्या दिवशी. मला ती बॅच हवीच होती. मासा आणि खेकडा यांतले फरक हा सरांचा लाडका प्रश्न, आणि नेमका तोच मला पाठ होईना.

अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत मराठी शिकवायचे. आमचं घर शाकाहारी (चातुर्मासात कांदासुद्धा बंद). पण लेकीसाठी ते बाजारातून जिती मरळ आणि खेकडा दोन बादल्यांत घेऊन आले. म्हणाले, "बघून लिही. डोळ्यानं बघितलेलं माणूस विसरत न्हाई." आईनं त्या दोन बादल्यांवर कायमचं पाणी सोडलं.

खवले-कवच, पर-पाय असे नऊ फरक झाले. दहावा मी स्वतःच्या अकलेनं काढला: खेकडा पाण्याबाहेर येतो, मासा येत नाही. आणि लिहिलं तशी वागलेही! खेकड्याच्या बादलीवर पाट, पाटावर वरवंटा. दाराजवळची मरळीची बादली सताड उघडी. मग बसून दहाही फरक घोकले.

दुपारी चार वाजता तांब्या पडला.

"पळा, हालायलंय!" आई ओरडली. शेजारच्या काकू कुकरसकट बाहेर, अण्णा एका गालाला साबण लावून. मागोमाग सरांकडं उजळणीला आलेली साठ पोरं आणि खुद्द सर. जमीन काही हालेना. शेवटी सरांनीच आमच्या दारात डोकावलं. तांब्याशेजारी मरळ पडली होती, आरामात तोंडानं हवा घेत.

सरांनी माझी वही उचलली, दहावा फरक मोठ्यानं वाचला आणि मरळीकडं बघितलं.

"हे तिला सांगितलं होतंस का?"

साठ पोरं हसली. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण त्या वर्षी लातुरात असं मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती. सरांनी तिथंच सगळ्यांना समजावलं की मरळ हवेतही श्वास घेते, ओल्या जागेत बराच वेळ जगते. मग अण्णा दोन्ही जीव तळ्यात सोडून आले.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आला. साठही पोरांनी मरळीचं अचूक लिहिलं. डोळ्यानं बघितलं होतं ना! मी मात्र पेपर बघून घाबरले आणि पाठ केलेलं उतरवलं. दहावा फरक शब्द न्‌ शब्द बरोबर आठवला.