लाभ, दोन, तीन

नव्या भाताचा वास आला की पावसचं आमचं खळं आठवतं. माझ्या लेकीला डॉक्टरांनी अध्ययन अक्षमता सांगितलेली. वर्षभर चिंचोके मांडून शिकवलं, तरी एका चिंचोक्याला ती 'लाभ'च म्हणायची. भात मापताना सासरे शुभ म्हणून पहिल्या पायलीला 'लाभ' म्हणायचे, तेच तिच्या डोक्यात बसलेलं. शाळेनेही हात टेकले, तेव्हा मी खळ्यातच रडत म्हणाले, "बाबा, तिच्यासाठी यंदा तेवढं 'एक' म्हणा हो." पहिली पायली ओतताना त्यांनी कसंबसं "एक" म्हटलं, तर लेक किंचाळली, "आजोबा, एक नाय, लाभ!" आता सासरे नाहीत. लेक विशीत आली, आणि दुकानात अजून "लाभ साबण द्या" म्हणते.