उन्हात ठेवलेला रोल

दादा विषमज्वराने गेला तेव्हा घरात त्याचा एकही फोटो नव्हता. अकोल्याला वकिली करताना त्याने कोटाच्या खिशात मावेल असा घडीचा कॅमेरा घेतला होता. जगाचे फोटो काढले, स्वतः मात्र कधी समोर उभा राहिला नाही. आजारी पडण्याआधी एकदाच त्याने कॅमेरा वहिनीच्या हातात दिला आणि तिने त्याचा एक फोटो काढला. तो रोल अजून कॅमेऱ्यातच होता.

वहिनी बार्शीटाकळीला आमच्या घरी आली ती कॅमेरा पदराखाली धरून. मी अमरावतीला कॉलेजात, म्हणून मला सगळंच येत असणार असा घरच्यांचा समज. भर दुपारी दारं लावून, गोधडीत शिरून मी रोल शेवटपर्यंत गुंडाळला आणि कॅमेरा उघडला. घामाने बोटं सटकत होती. रोलवरचा कागद सैल सुटून जरा उजेड आत गेला, तर दादा दुसऱ्यांदा जाणार, एवढंच डोक्यात होतं. कागदाच्या टोकाची पट्टी चिकटवली तेव्हाच गोधडीतून डोकं बाहेर काढलं.

माझ्या ओळखीचा रोल धुणारा अमरावतीत, आणि इकडे पाऊस खळेना. शेताचं निंदणही आता माझ्याच गळ्यात. दमट हवेत रोल खराब होतो म्हणून दादा तो भाजलेल्या तांदळात ठेवायचा. मीही तसाच डब्यात ठेवला. दिवसातून दहादा झाकण दाबून बघायचो.

भाद्रपदात ऊन पडलं. शेतावरून आलो तर अंगणात बाजेवर लुगडी, पोथ्या, डाळी. आणि एका टोकाला फडक्यावर पसरलेले माझे तांदूळ. त्यांच्यावर रोल, थेट उन्हात.

"आई, हे कोनं ठेवलं?"

"मीच. साऱ्याले ऊन दाखवून राहिली, मंग त्याले कावून नाई? बुरशी लागते ना बाप्पा!"

महिन्याभरात पहिल्यांदा तिच्या तोंडावर थोडं समाधान होतं. पोरासाठी काहीतरी केल्याचं. आपल्याच हाताने पोराचा चेहरा पुसला हे तिला कळलं असतं, तर ती जगली नसती. दारात वहिनी पांढरीफटक उभी होती. रोल हातात घेतला तर तव्यावरच्या भाकरीसारखा तापलेला.

दुसऱ्या दिवशी गाडी पकडली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा वाटलं, उतरावं आणि परत जावं. निदान कळणार तरी नाही. अमरावतीला फोटोवाला रोल घेऊन अंधाऱ्या खोलीत गेला आणि मी बाहेर बाकावर बसलो.

कागद घट्ट होता म्हणून फोटोच्या कडाच तेवढ्या काळवंडल्या होत्या. पण दादा होता. जरासा हललेला, एक हात वर करून वहिनीला कॅमेरा स्थिर धरायला सांगणारा. मी तिथेच रडलो.

फोटो काचेत मढवून भिंतीवर लागला. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "म्या ऊन दाखवलं म्हनून वाचला."

पुढच्या भाद्रपदात तिने फोटो उतरवला आणि लुगड्यांशेजारी बाजेवर उताणा ठेवला. मग दर भाद्रपदात तेच. दादाचं कपाळ फिकं पडत गेलं, तरी तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

एकदा ओसरीतून पाहिलं. आई आत गेली की वहिनी अंगणात यायची, फोटो पालथा घालायची, आणि आईची चाहूल लागली की तो सरळ करून डाळ निवडत बसायची.