पाठीमागची चार बोटं

"एकतीस! एकतीस गाऊन शिवून टाकलेत तुम्ही. एक नाही, दोन नाही."

"आज बरे मोजलेत. उघडे होते तेव्हा कुणी मोजले नव्हते."

"आवाज खाली. ही कचेरी आहे."

"मग घाला की तो गाऊन आणि बसा कचेरीत. बघू कशा बसता ते."

व्यवस्थापक मॅडमनी समोरचा गाऊन मास्तरीणबाईंच्या दिशेनं ढकलला. फिकट निळा, धुऊन धुऊन पांढरट पडलेला. तो टेबलावरून घसरला आणि अर्धा खाली लोंबकळत राहिला. कुणी उचलला नाही. मास्तरीणबाईंच्या शेजारी त्यांचा भाचा मांडीवर मोबाइल उलटा ठेवून बसला होता, आणि दाराला पाठ लावून, हाताची घडी घालून, पहिलवान उभी होती. पहिलवान म्हणजे वृद्धाश्रमाच्या या मजल्यावरची मदतनीस बाई. दोन माणसांचं वजन एकटी उचलते म्हणून हे नाव. देणाऱ्यानं कौतुकानं दिलं होतं, मास्तरीणबाई मात्र ते दात चावून घेत.

भांडण समजायचं तर आधी ही बाई समजायला हवी.

मास्तरीणबाईंचं वय एकोणसत्तर. बापाचं शिवणकामाचं दुकान होतं. तिथं टेबलाखाली चिंध्या गोळा करता करता त्या बेतायला शिकल्या, म्हणून मास्तरीणबाई. कापड बेतावं तर त्यांनी. ज्या ताग्यात दुसऱ्याचे बारा सदरे निघत त्यात त्या चौदा काढत, वर उरलेल्या तुकड्यांतून दोन टोप्या. याचा त्यांना फार ताठा होता. कात्री चालवताना त्या कुणाशी बोलत नसत आणि चालवून झाल्यावर कुणाचं ऐकत नसत.

बावीस वर्षांपूर्वी याच संस्थेनं त्यांच्या दुकानाला काम दिलं होतं. जी म्हातारी माणसं अंथरुणातून उठूच शकत नाहीत त्यांच्यासाठी मागून उघडे गाऊन हवे होते. अंग न उचलता पुढून घालायचे, मागं मानेशी आणि कमरेशी बंद बांधायचे. मास्तरीणबाई माप घ्यायला आल्या नाहीत. दुकानात बसूनच त्यांनी खाकी कागदावर नमुना कापला आणि कापताना पाठीचे दोन पदर एकमेकांवर येतात तिथली चार बोटं उडवली. त्या चार बोटांत ताग्यामागं दोन गाऊन जास्त निघत होते. मशीनवरची मुलगी म्हणाली, "बाई, पाठ उघडी राहील."

"अंथरुणातल्या माणसाची पाठ गादी बघते गं. जग नाही बघत."

सगळं दुकान हसलं होतं. मास्तरीणबाई सगळ्यांत मोठ्यानं.

दुकान बंद झालं, पण तो खाकी कागद फिरत राहिला. संस्थेचे गाऊन आजही त्याच नमुन्यावर कुठल्याशा कारखान्यात शिवले जातात.

आणि दीड वर्षापूर्वी ताई इथं आली. मास्तरीणबाईंची थोरली बहीण, भाच्याची आई. चाळीस वर्षं शाळेत खेळाच्या बाई होती. खिशात शिट्टी आणि पायांत भिंगरी. न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं, तरी इथं आली ती काठी टेकत, स्वतःच्या पायांनी. पहिल्याच आठवड्यात ती व्हरांड्यात फेऱ्या मारायची आणि खुर्चीत पेंगणाऱ्यांना "मान वर!" म्हणून ओरडायची. काही जण तिला घाबरून जागे राहायचे.

मग या मजल्यावर सगळ्यांना 'सोयीचे कपडे' आले. सोयीचे म्हणजे हेच गाऊन, चालणाऱ्यालाही आणि पडून असणाऱ्यालाही. एक महिना गेला आणि ताई खुर्चीतून उठेनाशी झाली. रोजच्या नोंदीत कुणीतरी लिहायचं, 'चालण्यास नकार'. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. भाचा म्हणाला, आई मनानं खचलीय. मास्तरीणबाई काय म्हणाल्या? "आळशी झालीस तू! शाळेतल्या पोरांना उन्हात पळवलंस, आता स्वतःला दहा पावलं होईनात?" तीन आठवडे त्या हेच म्हणत होत्या. ताई खिडकीकडे बघत राहायची.

एकदा जेवणघरात जागा नव्हती म्हणून त्या सगळ्यांच्या मागच्या बाकावर बसल्या. तिथून त्यांना सगळ्या पाठी दिसल्या. भिंतीला खुर्च्या लावून बसलेल्या बायका उठायलाच तयार नव्हत्या. एक उठली. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं पाठीमागचे पदर घट्ट धरलेले, आणि ताट घ्यायला तिसरा हात नव्हता. ती तशीच परत बसली. तेवढ्यात पहिलवाननं नोंदवहीत काहीतरी लिहिलं.

मास्तरीणबाई उठून ताईच्या मागं गेल्या. पदर उलटून शिवण पाहिली. मग चार बोटं टेकवून मोजलं. आपल्या हातानं बेतलेलं माणूस झोपेतही ओळखतं. त्या दिवशी त्या तडक घरी गेल्या.

त्यानंतर मात्र त्यांनी संस्थेला सुखाचा घास घेऊ दिला नाही. तक्रारवही भरून काढली. इतरांच्या नातेवाइकांना गाठून सात जण बैठकीला आणले. "दिवसा आपले कपडे, पाठ झाकलेले, एवढंच," त्या म्हणाल्या. मॅडम म्हणाल्या, जरूर. फक्त रोज सकाळी सातला येऊन आपापल्या माणसाला तुम्हीच कपडे घाला. सातांतले सहा पुढच्या बैठकीला आले नाहीत. मास्तरीणबाई पाच आठवडे सातला आल्या, ताईला आणि आणखी तिघींना कपडे घालून जात होत्या. ताई त्या पाच आठवड्यांत व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायला लागली. मग पाटी लागली, 'बाहेरच्या व्यक्तींना दहापूर्वी प्रवेश नाही'. ताई पुन्हा खुर्चीत.

म्हणून काल दुपारी, धुलाईवाली रजेवर असताना, मास्तरीणबाई कपड्यांच्या खोलीत शिरल्या. तिथं डागडुजीचं मशीन होतं. दोनपासून सहापर्यंत त्यांनी कपाटातल्या प्रत्येक धुतलेल्या गाऊनच्या पाठीला चार बोटांची पट्टी जोडली आणि मानेखालपासून घोट्यापर्यंत टीप मारून टाकली. एकतीस.

आता पुन्हा कचेरीत या.

"नऊ नंबरच्या आजींचं सांगितलंय का यांना?" पहिलवान दारातून म्हणाली. "नसेल तर मी सांगते."

"नऊ नंबरला काय झालं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"डावा हात आखडलेला आहे त्यांचा. वर जात नाही. रोज मी गाऊन पुढून सरकवते, दोन बंद बांधते, झालं. आज पाठ शिवलेली. डोक्यावरून घालायला गेले. घड्याळात पावणेआठ, न्याहारी आठला, पुढं अकरा माणसं तशीच उघडी बसलेली. ओढला. खांदा सुजलाय आता एवढा." तिनं स्वतःच्या खांद्यावर मूठ ठेवून दाखवली. "ओरडत नाहीत त्या. नुसत्या बघतात. तुम्ही जाऊन बघा एकदा."

कपाटातले गाऊन मास्तरीणबाईंनी काल सगळे सारखेच शिवले होते. कुठला कुणाच्या अंगावर जाणार, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"मागून उघडे गाऊन झोपून असणाऱ्यांसाठीच होते," त्या हळू म्हणाल्या. "ते तसेच ठेवायला हवे होते. चुकलं माझं."

"लिहून द्या." मॅडमनी कागद पुढं केला. "तेच लिहिलंय. पहिलं वाक्य, झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे. दुसरं, यापुढे भेटीच्या खोलीपलीकडे येणार नाही आणि कपड्यांचा विषय काढणार नाही. आज संध्याकाळपर्यंत सगळे गाऊन उसवले जातील. सही नसेल तर शनिवारी ताईंना घेऊन जा."

"पहिल्या वाक्याखाली करते सही. दुसऱ्याखाली नाही."

"कागद एकच आहे."

"कात्री द्या, मी दोन करते."

"मावशी!" भाच्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "पुरे ना आता. शनिवारी नेणार कुठं आहेस तिला? तुझ्या चौथ्या मजल्यावर? लिफ्ट नाही, काही नाही. पाठीवर घेऊन चढणारेस?"

"तुझ्याकडे आहे की लिफ्ट."

"माझ्याकडे जागा नाही."

"जागा ढीग आहे रे. माणूस नाही तुझ्या घरात."

"बघा. बघा, असं बोलते." भाचा मॅडमकडे वळला, शाळेत तक्रार सांगावी तसा. "म्हणून कुणी हिच्या बाजूनं येत नाही."

"मला नकोच कुणी बाजूनं. मागून बघायला या म्हटलं तर ते जमलं नाही तुम्हाला. तुझ्या आईच्या मागं उभा राहिलायस कधी? दर रविवारी येतोस, समोर बसतोस, पाऊण तास. समोरून ती झाकलेलीच असते!"

पहिलवान हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. "तुम्हाला पाठ दिसते, बाई. मला घड्याळ दिसतं. दोघी आम्ही, एकतीस माणसं. प्रत्येकाचे आपापले कपडे घालायला दहा मिनिटं, गाऊनला तीन. करा हिशेब."

"मग तिसरी बाई मागायची! माझ्याशी कसली भांडतेस?"

"मागितली. दोनदा. अर्ज घेऊन या मॅडमसमोर उभी होते तेव्हा टेबलावर तुमची तक्रारवही उघडी होती. काय लिहिलं होतंत आठवतंय? 'मदतनीस कामचोर आहेत.' मॅडमनी मला ते वाचून दाखवलं. मोठ्यानं. आणि अर्ज ड्रॉवरमध्ये गेला."

मास्तरीणबाईंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम पेनाचं टोपण लावत होत्या, काढत होत्या.

"लिहिलं होतं मी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माणूस म्हणून तुला विचारायला हवं होतं, मी वहीला सांगितलं."

"आता मऊ नका बोलू. शोभत नाही तुम्हाला."

"झालं?" मॅडम उठल्या. "मग जिचा प्रश्न आहे तिलाच विचारू. आणा त्यांना."

पहिलवाननं चाकाची खुर्ची ढकलत ताईला आणलं. शिवलेला गाऊन, मांडीवर आडवी काठी, केस कुणीतरी घाईत विंचरलेले. शहात्तर वर्षांची, पण खोलीत येताच तिनं सगळ्यांवर नजर फिरवली ती रांग सरळ आहे का बघणाऱ्या बाईचीच.

"आजीऽऽ!" मॅडम वाकून म्हणाल्या. "बरं वाटतंय नाऽ इथं?"

"हाड मोडलंय माझं. कान नाही."

"आई, मावशीला सांग सही करायला," भाचा म्हणाला. "नाहीतर शनिवारी तुला इथून काढतील."

"ताई, तू यांना सांग," मास्तरीणबाई एकदम पुढं झाल्या. "तू का चालत नव्हतीस ते सांग. एकदाच सांग. माझ्यावर विश्वास नाही कुणाचा."

टेबलावरून लोंबणारा गाऊन ताईनं काठीच्या टोकानं ओढून मांडीवर घेतला, उलटा केला, मानेची शिवण बोटांनी चाचपली.

"कुणी बेतलाय हा?"

भाच्यानं मावशीकडे पाहिलं. मॅडमनीही. एवढा वेळ ही गोष्ट मास्तरीणबाईंनी कुणालाच सांगितली नव्हती.

"मी," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तुम्ही?" पहिलवानच्या हाताची घडी सुटली. "हा गाऊन तुमचा?"

"माझा. बावीस वर्षांपूर्वीचा. पाठीची चार बोटं मीच खाल्ली."

"मला पहिल्या दिवशी कळलं होतं," ताई म्हणाली. "माझ्या शाळेचा कोट असाच तोकडा केला होतास. वर्षभर हात वर करता आला नाही मला. शिट्टी वाजवायची तर कोपर अंगाला चिकटवून." तिनं गाऊन पुन्हा उलटला. "खिसा कुठाय?"

"राहिला. विसरले."

"विसरली नाहीस. वाचवलास."

मास्तरीणबाई खाली बसल्या.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. वाद घरच्या घरातच मिटतोय म्हणून त्यांचा चेहरा जरा निवळला होता. त्यांनी कागद ताईच्या पुढ्यात ठेवला, पेन वर. "म्हणजे बहीणच चुकली, हे तुम्हालाही पटतंय. चला, मग सोपं आहे. तुम्हीच ठरवा, आजी. यांची सही, की शनिवार?"

ताईनं पेन बाजूला केलं. कागदाला हात लावला नाही. काठी जमिनीवर रोवली, दुसरा हात टेबलाच्या कडेवर ठेवला आणि उठली. एका दमात नाही. अर्ध्यात थांबली, श्वास घेतला, मग उरलेली उठली. पहिलवानचे हात सवयीनं पुढं आले. ताईनं तिच्याकडे पाहिलं. हात मागं गेले.

"आई, बस. पडशील," भाचा म्हणाला.

टेबल सोडलेला तिचा हात आपोआप पाठीमागं गेला, पदर धरायला. पदर नव्हते. बोटं मानेखालून कमरेपर्यंत त्या टिपेवरून हळूहळू फिरली, एकदा वर, एकदा खाली. मग तो हात मोकळा सुटला आणि चालताना हलायचा तसा बाजूला हलला.

"आजी, मी काहीतरी विचारलंय," मॅडम म्हणाल्या.

पहिलवान दारातून बाजूला झाली. ताई तिच्या शेजारून, कुणाकडेही न बघता बाहेर पडली आणि व्हरांड्याच्या टोकाकडे चालायला लागली.

"आजी! सही की शनिवार?"

काठीचा आवाज लांब जात राहिला.