अकरा गठ्ठे

कुठल्याही माणसाकडे बघितलं की खांद्याची रुंदी मनातल्या मनात मोजायची, ही तिची जन्माची खोड. म्हणून सगळी वस्ती तिला मापकाकू म्हणायची. गळ्यात टेप, कानामागे खडू आणि तोंडाला मात्र टाका नाही! शिवणकामाचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. मशीनवर बसायचं तर काकूला मान वाकवूनच आत यावं लागे. “एवढ्या एकाच गोष्टीपुढे मी मान वाकवते,” असं ती गिऱ्हाइकाला हसून सांगायची.

हा ताठा तिच्या मावशीकडून आलेला. मावशी दवाखान्यात नर्स होती. ड्यूटी सुटली की पिशवीत शाईचा पॅड आणि कागद घेऊन दारोदार फिरायची: बाईला स्वतःच्या सहीवर धंदा करता यावा, असा कायदा करा म्हणून बायकांच्या सह्या नि अंगठे गोळा करायला. कुणी चहा दिला, कुणी अंगावर कुत्रं सोडलं. “कुत्र्याचं काय मनावर घ्यायचं, त्याला कायदा कुठं माहीत?” म्हणायची आणि पुढचं दार वाजवायची. पंचवीस वर्षांत चपला किती झिजल्या याचा पत्ता नाही, पण कायदा झाला. त्या दिवशी मावशीनं शाईचा पॅड धुऊन वाळत घातला होता.

त्याला नऊ वर्षं लोटली आणि एक दिवस पाववाली दुकानात येऊन मटकन खाली बसली.

पंधरा वर्षं ती दुसऱ्याच्या भट्टीवर पाव भाजत होती. आता कुठं चौकात भट्टीसकट एक खोली मिळत होती. घरमालक म्हातारा भला, पण म्हणाला, “महिनाअखेरपर्यंत परवाना दाखव. नाहीतर गोदामवाला टपून बसलाय.” आणि कचेरीतल्या कारकुनानं फॉर्म हातात देऊन रकाना दाखवला होता: नवऱ्याची किंवा वडिलांची संमतीची सही.

“वडील देवाघरी. आणि नवरा बारा वर्षांपूर्वी कुलूप दुरुस्त करून आणतो म्हणून गेला, तो गेलाच. तेव्हापासून दाराला नुसती कडी आहे, काकू!”

“अगं, पण तो रकाना कायद्यानं कधीच गेला!”

“कायद्यातून गेला असेल. फॉर्मवर आहे ना!”

मापकाकू दुसऱ्याच दिवशी कचेरीत. कारकून माणूस वाईट नव्हता. नियमाला चिकटलेला, एवढंच. तो म्हणाला, “बाई, नवे फॉर्म आलेत. खालच्या कप्प्यात सीलबंद पडलेत. पण वरून हुकूम आहे, जुना साठा संपल्याशिवाय नवा फोडायचा नाही.”

“मग ती ओळ खोडा.”

“छापील फॉर्मवर खाडाखोड चालत नाही.”

काकूनं वर तक्रार केली. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असं उत्तर आलं आणि कार्यवाही तेवढीच झाली. सहीच्या धाकानं बाया फॉर्म न्यायलाच येत नव्हत्या, मग साठा संपणार कसा? बाहेर पडताना शिपायानं हळूच सांगितलं, “काकू, अकरा गठ्ठे आहेत. शंभराचा एक. फुकट मिळतात, माणशी दिवसाला एक.”

त्या शिपायाचं भलं होवो! घरी येईतो काकूच्या डोक्यात कटिंग तयार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीपुढे रांग. धुणीवाल्या, भाजीवाल्या, दवाखान्यातल्या आया, दोन मास्तरणी. वेळ काढून, ओळीनं येऊन प्रत्येकीनं एकेक फॉर्म घेतला, वहीत सही केली आणि चालू लागली. तिसऱ्या दिवसापर्यंत रांग सत्तर-ऐंशीवर गेली. कागद मापकाकूकडे जमायचे आणि काकू त्यांची पेपर कटिंग, म्हणजे कपडा बेतायचे कागदी साचे, करायची. इतकी वर्षं रद्दीच्या कागदावर भागवलेलं. असा जाड, कोरा करकरीत कागद तिला कधी मिळाला नव्हता. ब्लाउजचं माप मांडलं तर तो सहीचा रकाना बरोबर गळ्यात यायचा. कर्रकन कात्री!

आठव्या दिवशी कारकुनानं चष्मा काढला. “मापकाकू, पाचशेच्या वर फॉर्म गेले. भरून एकही परत आला नाही. आहेत कुठं?”

“नवऱ्यांच्या सहीला गेलेत, भाऊसाहेब.”

मागून एक भाजीवाली म्हणाली, “माझा तर विचार करतोय अजून!” शिपायाला हसू आवरेना, तो पाणी आणायच्या निमित्तानं पळाला.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी कचेरी बंद व्हायला दहा मिनिटं होती, कपाटात तीन फॉर्म उरले होते आणि आलेल्या सगळ्या बायांचा त्या दिवसाचा वाटा नेऊन झाला होता. पाववाली भिंतीला टेकून उभी. काकूनं पहिल्यांदाच हात जोडले. “भाऊसाहेब, तीनच आहेत हो.”

“माणशी एक. नियम म्हणजे नियम.” कारकून उठला. वही पुढे ओढली, स्वतः सही केली आणि एक फॉर्म घडी करून खिशात घातला. “माझ्या बहिणीला कामाला येईल. शिपाई, तू एक घे. आणि एक साहेबांच्या टेबलावर ठेवून ये, त्यांची सही मी घेतो.”

मग तो गुडघ्यावर बसला आणि खालच्या कप्प्याचं सील त्यानं फोडलं. काकूनं पेन पुढे केलं, सही मात्र पाववालीची पाववालीलाच करू दिली. कारकुनानं तिथल्या तिथं परवान्यावर शिक्का मारला.

नव्या भट्टीतला पहिला पाव काकूनं फडक्यात गुंडाळून मावशीकडे नेला, सोबत नवा कोरा फॉर्म. आता ब्याऐंशीच्या मावशीनं पाव मांडीवर ठेवला आणि भिंग लावून आधी फॉर्म वाचला. वरून खाली, मग पुन्हा खालून वर.

“सही कुणाची?”

“अर्जदाराची.”

“एवढीच?”

“एवढीच, मावशी.”

म्हातारीनं त्या जागेवर अंगठा टेकवून ठेवला, शाई नव्हती तरी. बराच वेळ. मग पावाचा तुकडा मोडला, अर्धा भाचीला दिला.

“चांगला भाजलाय,” ती म्हणाली. “बरं, शाळेच्या दाखल्याला अजून बापाचीच सही मागतात म्हणे. त्यांचं कपाट केवढं आहे, बघून आलीस का?”