वाचन बंद

शुद्धलेखन चुकलं असेल, आणि अक्षर पाय मुरगळल्यासारखं तिरकं आहे, त्याची माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. बाकी कशाची माफी मागणार नाही.

बडोद्यात सुभानपुऱ्याला एका निवृत्त शिक्षिका बाईंकडे मी स्वयंपाक करायची. त्यांना मोतीबिंदू झाला, तेव्हा दुपारी पुस्तक वाचून दाखवायचं कामही माझ्याकडे आलं. जाडजूड रशियन कादंबरी होती, मराठीत भाषांतर झालेली. त्यात काही तरुण गुपचूप जमतात, बॉम्ब बनवतात. त्यांचा पुढारी सांगतो, उद्या सगळ्यांना सुख हवं तर आज थोड्यांना सोसावंच लागेल. थोडे म्हणजे कोण, ते तोच ठरवतो. त्याचं स्वतःचं नाव त्यात कधी नसतं.

बाईंचा मुलगाही कॉलेजात असताना लाल झेंडा घेऊन फिरायचा म्हणे. आता शेअरबाजारात होता. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी मी साठवलेले पैसे त्यानं ‘दुप्पट करून देतो’ म्हणून नेले होते. फी भरायची वेळ आली, तेव्हा मी खाली बघतच मागितले.

“मावशी, जरा कळ काढा. देश बदलतोय. सुरुवातीला थोड्यांना सोसावंच लागतं.”

मी पोळ्या लाटायला परत गेले. पण हे तर मी कालच मोठ्यानं वाचलं होतं!

दुपारी पुस्तक उघडलं. गटातल्या एका पोराला बाहेर पडायचं होतं. त्याचं काय करायचं, हे ठरवायला सगळे बसले होते. तिथेच मी पुस्तक मिटलं.

“अगं, वाच की! मारतात का त्याला?”

“माझे पैसे येईपर्यंत वाचन बंद, बाई.”

माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

हे ऐकून बाईंचा मुलगा हसला. “रशिया कधीच बुडाला, आणि तुम्ही आता संप करताय? द्या, मी वाचतो.” अर्धं पान झालं नाही तोच फोन वाजला आणि तो उठून गेला. दुसऱ्या दिवशीही तेच.

बाई चिडल्या की गुजरातीत सुरू व्हायच्या. “बस, बहु थयुं! अर्धं पान वाचवत नाही आणि देश बदलतोय! आधी तिचे पैसे दे.”

शनिवारी त्यानं ओट्यावर पाकीट ठेवलं. “मोजून घ्या, मावशी.”

एरवी मी लाजून ‘असू दे’ म्हटलं असतं. त्या दिवशी हात पुसले आणि त्याच्यासमोर मोजले. दुप्पट नव्हते. माझे होते, सगळे.