पाकिटावरची नथ

हे मी कुणालाच बोलले नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा ह्या एका गोष्टीला बगल देऊन पुढं जाते. तोंड माझं केवढं — सणसरात कुणालाही विचारा, शालन बोलायला लागली की समोरच्याची डाळ शिजत नाही. पण हे तेवढं घशातून वर येत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मधेच अडखळले तर जरा थांबा.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. आमचे हे बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. जेवायच्या सुट्टीत डबा उघडला की चार हात ह्यांच्या कालवणात. मग मसाला मागायला लागले. आपला कांदा-लसणाचा, उन्हाळ्यात करून ठेवतात तो. मी दिला. आधी पावशेर, मग किलो, मग हे मोटरसायकलच्या हँडलला दोन्हीकडं पिशव्या अडकवून जायला लागले. लोक म्हणायचे, शालनवहिनींचा मसाला.

शालनवहिनींचा म्हणे! अहो, मी काय करायची? मिरच्यांची देठं खुडायची नि डंकावर नंबर लावून कुटून आणायची. मसाला अक्काचा.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. लहानपण सगळं मेंढरांमागं रानोमाळ गेलेलं, शाळेचं तोंड बघितलेलं नाही, पण नाक असं की खोबरं भाजताना डोळे मिटून बसायची नि एकदम म्हणायची, "उतरव." की मी उतरवायची. मला ते कधी जमलं नाही. पण गिऱ्हाइकाशी गोड बोलायला, कुणाच्या सुनेला कितवा महिना ते लक्षात ठेवायला मी होते. अक्का लाजरी. दोघींचं बरं चाललं होतं. खरंच बरं चाललं होतं हो.

एक जुनी गोष्ट आधी सांगायला पाहिजे. थोरले दीर उसाच्या ट्रॉलीखाली गेले तेव्हा अक्काची लेक रंजना दहा वर्षांची. त्याच वर्षी नणंदेचं लग्न निघालं. सासूबाई म्हणाल्या, थोरलीनं हळदीला पुढं यायचं नाही. मी कडाकडा भांडले. जिनं नणंदेला कडेवर खेळवून मोठी केली, तिनं कोपऱ्यात बसायचं? मी अक्काचा हात धरला, मांडवात आणली, हळदीची वाटी तिच्या हातात दिली. त्या दिवसापासून ती बारशाला, डोहाळजेवणाला, सगळीकडं माझ्याबरोबर यायला लागली. हे मी केलं होतं. माझं कौतुक करा म्हणून सांगत नाही — पुढचं नीट कळावं म्हणून सांगते.

मग बारामतीला बायकांचं शिबिर झालं, धंदा कसा वाढवायचा त्याचं. शिकवायला पुण्याच्या एक मॅडम. म्हणाल्या, मसाले काय, ढिगानं मिळतात. गिऱ्हाईक मसाला घेत नाही, माणूस घेतं. पाकिटावर तुमचं नाव पाहिजे, चेहरा पाहिजे. झालं! मला दुसरं काही सुचेना. न्हाणीतल्या आरशापुढं उभी राहून हसून बघायची — दात दिसू द्यावेत का नको?

मॅडम फोटोवाल्याला घेऊन सणसरला आल्या. अक्का चुलीपुढं खोबरं भाजत होती. मॅडमनी जरा वेळ बघितलं, वास घेतला नि म्हणाल्या, "अहो, खरा हात तर ह्यांचा आहे! फोटो ह्यांचाच घेऊ. नावही ह्यांचंच लावू."

अक्का उठली. हात पदराला पुसले, केस सारखे केले. हसली. एवढ्या वर्षांत मी तिला तशी हसताना बघितली नव्हती. मला ते दिसलं. दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही.

नि मी —

मी मॅडमच्या जवळ सरकले नि म्हणाले, "त्यांचं मालक न्हाईत. लग्नाकार्याला जायचा मसाला, नि पाकिटावर रांडमुंड बाई... लोकान्ला चालंल का?" हळूच म्हणाले. पण अक्काला ऐकू जाणार नाही इतकं हळू नाही. तेवढं हळू बोलायला मला काय येत नव्हतं?

सासूबाई तसं म्हणाल्या असत्या, तर त्यांचा त्यावर विश्वास तरी होता. माझा नव्हता. अगदी त्या घडीलासुद्धा नव्हता. मला फक्त माझा फोटो पाहिजे होता — नि हे बोलले की तो मिळणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मॅडमनी फोटोवाल्याकडं बघितलं. अक्काच म्हणाली, "व्हय, तिचाच काढा. बोलकी बी हाय, दिसायला बी बरी हाय." मग आत गेली, ट्रंक उघडली नि नथ घेऊन आली. स्वतःची, दीर गेल्यापासून फडक्यात बांधून ठेवलेली. माझ्याकडं नथ नव्हती. तिनं आपल्या हातानं ती माझ्या नाकात घातली, हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडं वळवलं. तिच्या बोटांना मिरची होती. त्या फोटोत माझे डोळे जरा ओलसर आहेत. लोकांना ते मायाळू वाटतात.

पाकीट चाललं. इंदापूरच्या बाजारात बायका माझ्या हाताला हात लावून म्हणायच्या, "अगं बाई, पाकिटावरच्या वहिनी!" मला आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

अक्का मात्र बदलली. लग्नाचा मसाला असला की मला हाक मारायची, "पयली चिमूट तू टाक गं, मग मी हायच." बारशाला येईना, गुडघं दुखतात म्हणायची. नथ परत द्यायला गेले तर, राहू दे तुझ्याकडंच, म्हणाली. सासूबाईंचं तिनं कधी मनावर घेतलं नव्हतं, माझं घेतलं. का घेऊ नये? तिच्यासाठी भांडलेली एकटी मीच होते ना.

रोज वाटायचं, आज सांगून टाकू. अक्का, ते खोटं होतं, मला फोटो पाहिजे होता. एवढंच तर वाक्य. मिरच्या खुडता खुडता कितीदा जिभेवर आलं. मग दारात कुणीतरी 'वहिनी' म्हणून हाक मारायचं नि मी पदर सारखा करून उठायची.

पाच वर्षं अशी गेली. रंजनाचं लग्न ठरलं, कोऱ्हाळ्याच्या मुलाशी. हळदीला मांडव बायकांनी भरलेला, रंजना पाटावर बसलेली, नि अक्काचा पत्ता नाही. शोधत गेले तर मागच्या दारात, भिंतीला टेकून उभी. हातात हळदीची वाटी, स्वतः कालवलेली. मी तिचा हात धरला — नणंदेच्या लग्नात धरला होता तसाच. म्हणाले, "अक्का, चला. लेक हाय तुमची. असलं काय नसतं."

तिनं हात सोडवून घेतला. तोंडावर राग नव्हता हो. राग असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं.

"नसतं कसं? तूच म्हनली हुतीस न्हवं त्या मॅडमला," अक्का म्हणाली. "पोरीच्या बाबतीत कशाला इषाची परीक्षा? जा, तू लाव."

तिथं सांगायचं होतं. तिथंच. आतून बायका हाका मारत होत्या, वहिनी, ओ वहिनी, चला की. माझ्या नाकात अक्काची नथ होती. मी तोंड उघडलं, नि म्हणाले, "बरं."

वाटी घेतली. आत गेले नि रंजनाच्या गालाला हळद लावली. आज अक्का नाही. पण त्या दिवशी ती होती, दहा पावलांवर होती. मी हळद लावत होते नि रंजना माझ्या खांद्यावरनं मागच्या दाराकडं बघत होती.